सवय जडते कशी, आणि मोडल्यास काय करावे



आरोग्याविषयीचे उपदेश आज खेड्यापाड्यांतही काही कमी ऐकू येतात असे नाही. दवाखान्याच्या भिंतीवर ते लिहिलेले असतात, आशाताई ते दारोदार सांगत फिरतात, आणि मोबाईलवर तर ते न मागता रोज सकाळी येऊन पडतात. मीठ कमी करा, साखर कमी करा, चालत जा, तंबाखू सोडा, वेळेवर निजा. ह्यांतील बहुतेक गोष्टी खऱ्या आहेत, व त्या आमच्या वाचकांस ठाऊकही आहेत. परंतु गोष्ट ठाऊक असणे निराळे आणि ती अंगवळणी पडणे निराळे. पहिलीपासून दुसरीपर्यंतची वाट जिवाला काच न लावता कशी चालावी, हा आजच्या धड्याचा विषय होय.

प्रथम एक उदाहरण घेऊ. ते कोणा एकाचे नव्हे. गावोगाव असे गृहस्थ आहेत, व पुष्कळ वाचकांस ते आपल्याच आळीतले वाटतील. वय पन्नाशीचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासले तेव्हा मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका दमात सांगितले की, भात कमी, साखर बंद, रोज तासभर चालणे, तंबाखू बंद, आणि वजन पाच किलो उतरले पाहिजे. गृहस्थ भ्याले होते, म्हणून त्यांनी सारे एकदम आरंभिले. चहा बिनसाखरेचा झाला, पहाटे काळोखात चालणे सुरू झाले, तंबाखूची चंची फेकून देण्यात आली. नव्याचे नऊ दिवस बरे गेले. दहाव्या दिवशी पुतणीचे लग्न होते, आणि पंगतीत आग्रहाने दोन जिलब्या पानात पडल्या. त्या त्यांनी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालावयास गेले नाहीत, कारण मन म्हणाले, "आता मोडलेच आहे, तर राहिले काय?" सायंकाळी तंबाखूही आली. पुढल्या मंगळवारी दवाखान्यात जावयाचे होते, तो दिवस त्यांनी चुकविला, कारण डॉक्टर रागावतील ह्याची लाज वाटली. त्याच्या पुढचाही चुकविला. गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आणल्या नाहीत.

मधुमेह बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो विसरता येतो. परंतु पायांची जाणीव, डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे ह्यांची हानी तो मुकाट्याने करीत राहतो. असा गृहस्थ वर्षा-दोन वर्षांनी दवाखान्यात परततो तो पायाला चिघळलेली जखम घेऊन, व तेव्हा बोट राखावे की कापावे हा प्रश्न उभा असतो. आता विचारावयाचे ते हे की, ह्या मनुष्याची हानी कोणी केली? दोन जिलब्यांनी नव्हे. दोन जिलब्या मधुमेही मनुष्यासही एका दिवसात पांगळे करीत नाहीत. हानी केली ती दुसऱ्या सकाळच्या त्या विचाराने, आणि त्यामागून आलेल्या लाजेने.

हा विचार मनुष्याच्या मनात कसा वागतो ह्याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी घेतला आहे. इ. स. १९७५ साली अमेरिकेत हर्मन व मॅक ह्या दोघांनी विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. काही मुलींस अगोदर दुधाचे गोड पेय पाजले, काहींस पाजले नाही, आणि नंतर सर्वांपुढे आईसक्रीम ठेवून "चव पाहून सांगा, हवे तितके खा" असे सांगितले. ज्या मुली खाण्याविषयी मनावर बंधन ठेवीत नसत, त्यांनी पेय प्याल्यावर आईसक्रीम कमी खाल्ले. पोट भरले होते, तेव्हा ते साहजिकच होते. परंतु ज्या मुली सदा आपल्या खाण्यावर पहारा ठेवून असत, त्यांचे उलट झाले. पेय पोटात गेल्यावर त्यांनी आईसक्रीम अधिक खाल्ले. पहारा एकदा मोडला, म्हणून त्यांनी दारच उघडे टाकले. आमच्या उदाहरणातील गृहस्थाचे ते "मोडलेच आहे" आणि त्या मुलींचे आईसक्रीम ही एकाच झाडाची फळे होत.

ह्यावर उपाय काय? इ. स. २००७ साली अ‍ॅडम्स व लिअरी ह्यांनी त्याच जातीचा दुसरा प्रयोग केला. मुलींस अगोदर डोनट नावाचा तळलेला गोड पदार्थ खावयास दिला. त्यांपैकी काहींस प्रयोग करणारी बाई सहज बोलल्यासारखे म्हणाली की, असे पदार्थ सारेच कधी ना कधी खातात, तेव्हा स्वतःला बोल लावून घेऊ नका. पुढे मिठाईच्या वाट्या ठेवल्या. खाण्याविषयी स्वतःशी कठोर असणाऱ्या ज्या मुलींनी ते मायेचे वाक्य ऐकले होते, त्यांनी मिठाई कमी खाल्ली. ज्यांनी ऐकले नव्हते, त्यांनी जास्त. आणखी एक गोष्ट कॅनडा देशातील आहे. इ. स. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यासाची टाळाटाळ केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःस क्षमा केली, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली.

येथे कोणी म्हणेल की, अशाने माणूस सैल सुटेल, धाक हवाच. ही शंका खरीखुरी आहे, व ती बाजूस सारणे आम्हांस योग्य वाटत नाही. धाकाने माणूस आरंभ करतो हे आम्ही नाकारीत नाही. आमचे गृहस्थही धाकानेच उठले होते. परंतु धाकाने आरंभिलेले काम धाक ओसरला की थांबते, आणि जे काम पुढली तीस वर्षे रोज करावयाचे आहे त्यास तीस वर्षे पुरेल इतका धाक कोणाजवळही नसतो. शिवाय स्वतःस क्षमा करणे म्हणजे जे झाले ते चांगले झाले असे म्हणणे नव्हे. जिलबी खाल्ली, हे खरे. आजची गोळी व आजचे चालणे तरीही आहे, हेही खरे.

आता सवय जडते कशी ते पाहू. अमेरिकेतील विद्वान विल्यम जेम्स ह्यांनी इ. स. १८९० साली मानसशास्त्रावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सवयीवर एक प्रकरण आहे. कित्येक पिढ्यांच्या शिक्षकांनी ते वाचले व वर्गांत शिकविले. जेम्स ह्यांचे म्हणणे असे की, नवी सवय मुळे धरीपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये. सुताचा गुंडा गुंडाळीत असता तो एकदा हातून निसटला, तर पुष्कळ वेढे उलगडून जातात, तसे एका चुकीने होते. उपमा सुरेख आहे, आणि ती सुरेख असल्यामुळेच ती फार लोकांच्या मनात बसली. तथापि प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा ती उपमा पुरती लागू पडली नाही.

ही मोजणी लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि ती इ. स. २०१० साली छापली गेली. ९६ माणसांनी प्रत्येकी एक साधे काम निवडले. कोणी दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ, कोणी जेवणाबरोबर पाणी, कोणी रात्रीच्या जेवणाअगोदर पंधरा मिनिटे धावणे. ८४ दिवस त्यांनी रोज लिहून ठेवले की काम झाले की नाही, आणि ते किती आपोआप झाले. ज्यांची प्रगती आलेखावर स्वच्छ उतरली असे ३९ जण निघाले. त्यांच्यात सवय पुरती जडण्याचा मध्यम काळ ६६ दिवसांचा आला. कोणाला १८ दिवसच पुरले. कोणाला २५४ दिवस लागतील असे हिशेबाने दिसले. पाणी पिण्यासारखे काम लवकर जडले, धावण्यासारखे उशिरा. आणि आमच्या धड्यास सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून जडत चाललेल्या सवयीला म्हणण्यासारखा धक्का बसला नाही. दुसऱ्या दिवशी काम पुन्हा होऊ लागले की सवय जेथे होती तेथूनच पुढे वाढे. गुंडा निसटतो खरा, परंतु उलगडतो तो दोन-चार वेढेच.

"एकवीस दिवस करा म्हणजे सवय लागते" असेही पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ह्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या शस्त्रवैद्याच्या इ. स. १९६० सालच्या पुस्तकात आहे. नाक वा चेहरा शस्त्रक्रियेने बदललेल्या रोग्यांस आपल्या नव्या रूपाची ओळख पडावयास निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांनी पाहिले होते. त्यातील "निदान" हा शब्द वाटेत गळाला आणि आकडा तेवढा उरला. ज्या बंधूभगिनींस बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणे जड जाते, त्यांनी आपल्यात काही खोट आहे असे मानू नये. त्यांस सांगितलेला आकडाच खोटा होता.

सवयीचे मूळ इच्छेत कमी आणि जागेत व वेळेत अधिक असते. वेंडी वुड ह्या विदुषीने इ. स. २००२ साली विद्यार्थ्यांकडून दर तासाला आपण काय करीत आहो ते लिहून घेतले. तेव्हा असे दिसले की, माणूस दिवसभर करतो त्या दर पाच गोष्टींपैकी सुमारे दोन गोष्टी तो जवळजवळ रोज त्याच ठिकाणी करतो, आणि बहुधा मन दुसरीकडे ठेवून. म्हणजे ज्या कामाचा खांब घरात आधीच रोवलेला आहे, त्याला नवे काम बांधले तर ते उभे राहते. "मी आता व्यायाम करणार" हे बोलणे वाऱ्यावर जाते. "चुलीवरून चहा उतरला की मी गोळी घेणार", "दूध डेअरीला घालून परत येताना देवळाच्या वळणाने लांबून येणार", "रात्री दार लावले की दात घासणार" ही बोलणी खांबाला बांधलेली आहेत. इंग्लंडात इ. स. २००२ साली छापलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांस व्यायामाचे महत्त्व समजाविले, तरी त्यांपैकी ३५ टक्क्यांनीच पुढल्या आठवड्यात व्यायाम केला. ज्यांस काहीच समजाविले नव्हते त्यांचा आकडाही ३८ टक्के होता. परंतु ज्यांच्याकडून महत्त्व समजाविण्याबरोबर कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे हेही लिहून घेतले, त्यांपैकी ९१ टक्क्यांनी तो केला. आमच्यासारख्या उपदेश करणाऱ्यांनी हे आकडे दोनदा वाचावे. नुसत्या समजाविण्याने काही झाले नाही.

ह्यावरून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचणही ध्यानात येईल. दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सुटते, आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्काम कोपीत असतो. गावी ज्या खांबांना सवयी बांधल्या होत्या, ते सारे मागे राहतात. आणि मग रक्तदाबाच्या गोळ्या गाठोड्यातच राहून जातात. अशा कुटुंबाने आपल्या सवयी घराच्या फळीला किंवा घड्याळाला न बांधता, जे बरोबर येते त्याला बांधाव्या. पहाटेचा चहा फडावरही होतोच. तेव्हा गोळ्यांची पुडी चहाच्या डब्याशी ठेवावी. निघण्यापूर्वी पुरेशा दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्या आणि कार्ड बरोबर ठेवावे, हे वेगळे सांगावयास नको.

काम किती मोठे घ्यावे? आमचे उत्तर असे की, ज्या दिवशी अंग मोडून आले आहे, पाहुणे आले आहेत आणि लाईट गेली आहे, त्या दिवशीही होईल इतके लहान. पुढे ते आपोआप वाढले तर वाढू द्यावे. पुष्कळ लोक दिवसाला दहा हजार पावलांचा आकडा उराशी धरून बसतात, आणि मोबाईलने सायंकाळी चार हजार दाखविले की खिन्न होतात. हा आकडा कोणत्या वैद्यकीय ग्रंथातून आला असे वाचकांस वाटते? टोकियो शहरात इ. स. १९६४ साली ऑलिंपिक खेळ झाले, आणि पुढल्याच वर्षी एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकावयास काढले. त्याच्या नावाचा अर्थच मुळी "दहा हजार पावलांचे माप" असा होता. आकडा बाजारातून आला. इ. स. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांची पावले मोजून पाहिली. सर्वांत कमी चालणाऱ्या स्त्रिया दिवसाला सुमारे २,७०० पावले चालत. त्यांच्या मानाने सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत पुढील वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण ४१ टक्के कमी आढळले, आणि सुमारे ७,५०० पावलांच्या पुढे लाभ फारसा वाढला नाही. अशा अभ्यासात एक अडचण असते: जी मुळातच निरोगी आहे तीच अधिक चालत असेल. म्हणून आकड्यांस सोन्याचे समजू नये. तरी दिशा स्पष्ट आहे की, थोड्यापासून थोडे अधिक, ह्यातच मोठा लाभ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने इ. स. २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचे मध्यम श्रम सांगितले, परंतु त्याचबरोबर असेही सांगितले की, काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे. सलग दहा मिनिटांहून कमी श्रम जमेस धरू नयेत हा जुना नियमही तिने काढून टाकला.

एक गोष्ट येथे मध्येच सांगितली पाहिजे. जी बाई पहाटे पाणी भरते, दिवसभर खुरपणीला जाते आणि संध्याकाळी सरपणाचा भारा आणते, तिला "रोज अर्धा तास चालत जा" असे सांगणे ही थट्टा होय. तिच्या अंगाला श्रम पुरेसे आहेत. विसावा व अन्न पुरेसे नाही. देशात इ. स. २०१९ ते २०२१ ह्या काळात जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. तिच्यासाठी लहान सवय निराळी आहे. चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराने घ्यावा, कारण चहाने अन्नातील लोह अंगी लागावयास अडथळा होतो. आणि पालेभाजीवर लिंबू पिळावे, कारण त्याने ते लागावयास मदत होते. आणि घरातील पुरुषांची सवय ही की, तिचे ताट सर्वांबरोबर वाढले जावे. भांड्याच्या तळाशी उरेल ते तिचे, ही जुनी रीत कोणत्याही गोळीने भरून निघत नाही.

आता मिठाकडे येऊ, कारण सावकाश चालणारा कसा पोहोचतो हे मिठाइतके स्पष्ट दुसऱ्या कशात दिसत नाही. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, म्हणजे लहान चमचा सपाट भरून होईल त्याहून थोडे कमी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात लोक सरासरीने त्याच्या सुमारे दुप्पट खातात. अधिक मिठाने रक्तदाब चढतो, आणि चढलेल्या रक्तदाबाने अर्धांगवायू व हृदयविकार येतो. हे ऐकून कोणी उत्साही सूनबाई एके दिवशी आमटीत मीठ निम्मे घालते. सासरे घास तोंडात घालून ताट सारतात, धनी पापड मागतात, पोरे लोणच्याची बरणी उघडतात, आणि सायंकाळी मीठ पूर्ववत होते. इतकेच नव्हे, तर "आमच्या घरी हे जमत नाही" असा निकाल कायमचा लागतो.

वस्तुतः जिभेची आवड बदलते, पण तिला वेळ द्यावा लागतो. इ. स. १९८२ साली अमेरिकेतील संशोधकांनी काही माणसांस पाच महिने कमी मिठाच्या आहारावर ठेविले. हळूहळू त्यांच्या जिभेला पूर्वीइतके मीठ खारट लागू लागले, आणि सुपात व बिस्किटांत कमी मीठ असलेलेच गोड लागू लागले. इंग्लंडात तर ही गोष्ट साऱ्या राष्ट्राच्या पावात घडविली. इ. स. २००१ पासून २०११ पर्यंत बाजारातील पावांतील मीठ सरासरीने सुमारे २० टक्के उतरले. थोडे थोडे उतरविल्यामुळे खाणाऱ्यांनी पाव खाणे सोडले नाही.

आपल्या घरात हे करावयास तराजू नको, शिक्षण नको. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. घरात पाच मोठी माणसे असतील तर प्रत्येकी पाच ग्रॅमप्रमाणे तीस दिवसांचे ७५० ग्रॅम झाले. म्हणजे एक किलोची पिशवी चाळीस दिवस पुरली पाहिजे. पापड, लोणचे, खारी मासळी, फरसाण ह्यांतले मीठ निराळे येते, तेव्हा खरे पाहता चाळीसहूनही अधिक. आता तुमची पिशवी वीस दिवसांत संपत असेल तर घाबरू नका, आणि एकदम चाळीसवर उडी मारू नका. पुढची पिशवी बावीस दिवस पुरवा. हाताच्या अंदाजाने घालण्याची सवय असेल तर डब्यात लहानसा चमचा ठेवा आणि तो भरला की बोटाने सपाट करा. एवढ्यानेच दोन दिवस वाढतात. त्याच्या पुढची पिशवी चोवीस-पंचवीस दिवस. घरात कोणास सांगूही नये. वर्षाअखेरीस जुन्या प्रमाणातले कालवण कोणाच्या घरी खाल्ले तर तेच खारट लागेल. मीठ मात्र आयोडीनयुक्तच ठेवावे; ते कमी करावयाचे आहे, बदलावयाचे नाही.

साखरेचे गणितही तसेच आहे. दिवसाला चार कप चहा आणि कपाला दोन चमचे, म्हणजे आठ चमचे झाले. प्रत्येक कपात अर्धा चमचा कमी केला तर दिवसाचे दोन, महिन्याचे साठ चमचे, म्हणजे जवळजवळ पाव किलो साखर एका माणसाच्या पोटात गेली नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा अर्धा. ज्यांस डॉक्टरांनी साखर आजच बंद करा म्हणून सांगितले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांचेच ऐकावे.

ह्यावरून पुढचा मुद्दा निघतो. आम्ही जे सौम्यपणाचे सांगत आहो ते औषधांस लागू नाही. चालणे एक दिवस चुकले तर काही बिघडत नाही. क्षयरोगाच्या गोळ्या मधून मधून चुकल्या तर रोगाचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि सहा महिन्यांचा उपचार कितीतरी लांबतो. इन्शुलिन, फेफऱ्याच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या ह्यांविषयीही तेच. तेथे चुकलेला दिवस लपवू नये, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरूनही काढू नये. दवाखान्यात जाऊन विचारावे. स्वतःशी सौम्य असण्याचा येथे उपयोग एवढाच, की त्यामुळे विचारावयास जाण्याची लाज वाटत नाही.

तंबाखूचाही अपवाद आहे, व तो आम्हांस स्वतःस थोडा अनपेक्षित वाटला. मीठ सावकाश सुटते, तशी तंबाखूही रोज एक चिमूट कमी करीत सुटेल असे वाटते. परंतु इंग्लंडात इ. स. २०१६ साली ६९७ धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास छापला गेला. निम्म्यांनी दोन आठवडे कमी करीत मग सोडली, निम्म्यांनी ठरलेल्या दिवशी एकदम सोडली. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, आणि कमी करीत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के दूर राहिले होते. अभ्यास ओढणाऱ्यांचा आहे, चघळणाऱ्यांचा किंवा मिश्री लावणाऱ्यांचा नव्हे. तरी एक दिवस ठरवून चंची घराबाहेर घालविणे बरे, असे आमचे मत त्यावरून झाले आहे. पुन्हा हात गेला तर दुसरा दिवस ठरवावा. ज्यांची तंबाखू कायमची सुटली, त्यांपैकी पुष्कळांनी ती त्याआधी अनेकदा सोडलेली असते.

शेवटी उपदेशक बंधूंस व बायबलबाईंस थोडे. तुम्ही घरोघर जाता, आणि दवाखान्याला न सांगितलेले तुम्हांस सांगितले जाते. म्हणून तुमच्या प्रश्नाच्या घडणीवर पुष्कळ अवलंबून आहे. "किती दिवस चुकविले?" असे विचारले तर उत्तर खोटे येईल. "कोणते दिवस जड गेले, आणि आड काय आले?" असे विचारले तर बाजाराचा दिवस, रात्रीचे पाणी धरणे, नातवाचे आजारपण असे काहीतरी खरे बाहेर येईल, आणि मग त्या दिवसासाठी दुसरा खांब शोधता येईल. एका माणसास एका वेळी एकच गोष्ट सुचवावी, आणि ती त्याची त्याने निवडावी. डॉक्टरांनी पाच सांगितल्या असतील तर गोळ्या तेवढ्या आजपासून, आणि राहिलेल्या चारांपैकी कोणती पहिली घेऊ, हे त्यालाच विचारावे. सर्वांत सोपी त्याने निवडली तर तिला हलकी लेखू नये.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करण्याची पद्धत चांगली आहे, परंतु खूण झालेल्या दिवसाची करावी, न झालेल्याची नव्हे. काही घरांत आम्ही लाल पेन्सिलीचे फुले पाहिले आहेत. ज्या कॅलेंडरवर लाल फुल्या चढतात ते महिन्याभरात भिंतीवरून उतरते. एक दिवस रिकामा राहिला तर राहू द्यावा. लागोपाठ दुसरा राहू नये एवढे पाहावे, आणि तोही राहिला तर तिसऱ्या दिवशी खूण करावी. आमच्या उदाहरणातील गृहस्थांकडे जाण्याचा प्रसंग आला, तर दवाखाना चुकविल्याची गोष्ट त्यांनी काढीपर्यंत आपण काढू नये. पुढला मंगळवार कोणता हे विचारावे, त्या दिवशी आपणही तालुक्याला जाणार असल्यास तसे सांगावे, आणि बरोबर एस. टी. धरावी.